आईंना वरचीच सीट हवी

शनिवारी सकाळी आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरी डायनिंग टेबलावर अख्खा टांझानिया पसरला होता... नकाशा, लॅपटॉप, मलेरियाच्या गोळ्यांची माहिती आणि नकाशाचे कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेले चहाचे कप. नकाशा आईंचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सध्या नागपूरहून आमच्याकडे आल्या आहेत.

जुलैमध्ये रुआहा नॅशनल पार्कला जायचा बेत आहे. फारसं कुणी जात नाही अशी जागा मी मुद्दाम शोधून काढली. आसपास गाव नाही, फोनला रेंज नाही, कॅम्पला कुंपण नाही, आणि छोटंसं विमान थेट मातीच्या धावपट्टीवर उतरतं... मी तर गेला महिनाभर ऑफिसच्या मीटिंगमध्येही हत्तीच बघत होते.

भारतात जायच्या सवयीनं मी आधी प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा धरून चालले होते. मग कळलं की त्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही कॅमेऱ्यासकट, आणि बॅग मऊ कापडी हवी. वर तंबूत खाण्याचं काही ठेवायचं नाही, हत्तींना वास येतो म्हणे... आईंनी भाजणीचा डबा निमूटपणे कपाटात परत ठेवला.

पण खरा प्रश्न बॅगेचा नव्हताच. आईंनी यायचं की नाही, हा होता.

आई नागपूरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवत होत्या. सॅव्हानाचा गवताळ प्रदेश त्यांनी दरवर्षी रंगीत खडूनं फळ्यावर काढला... पिवळं गवत, जिराफ आणि मध्ये बुंधा फुगलेली गोरखचिंच. रुआहात गोरखचिंचा खूप आहेत हे वाचल्यापासून त्या दिवसातून दोनदा तरी मला फोटो दाखवायला लावायच्या, झाडांचे आणि कॅम्पच्या उंच जीपचेही. सफारी संपली की त्या तिथूनच मुंबईमार्गे नागपूरला परतणार होत्या, त्यामुळे ही संधी गेली तर गेलीच.

अडलं होतं ते निखिलपाशी. माझा नवरा तेल कंपनीत सेफ्टी इंजिनियर आहे, त्याला घरातल्या पायपुसण्यातही धोका दिसतो. आईंचा गुडघा दुखतो, जवळ हॉस्पिटल नाही, म्हणून त्यानं आपल्यापुरतं ठरवूनच टाकलं होतं... आईला थेट भारतात पाठवू, आपण दोघं जाऊ. मी चिडले होते, पण गुडघ्यापुढे माझं काही चालेना.

त्या सकाळी कॅम्पच्या मॅनेजर नीमाशी व्हिडिओ कॉल होता. तिनं सगळं छान सांगितलं आणि मग अगदी साधेपणानं विचारलं की आमची जीप उघडी आणि बरीच उंच आहे, बाजूच्या लोखंडी पायऱ्यांवरून चढावं लागतं, दिवसातून बऱ्याचदा... आईंना एकट्यानं जमेल का?

निखिलनं माइक म्यूट केला. "बघ, मी हेच म्हणत होतो."

आईंनी हात लांब करून तो पुन्हा सुरू केला. "नीमा, वन मिनिट प्लीज." मग माझ्याकडे वळून, वर्गात वापरत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "लॅपटॉप उचल आणि माझ्यामागे ये."

बाहेर आमचा शेजारी डेल त्याचा पिकअप धूत होता. टेक्सासमधला पिकअप तो, त्याची चाकंच आईंच्या कमरेपर्यंत येतात. आईंनी ओढणी कमरेला खोचली, चांगला पाय पायरीवर, मग दुखरा पाय, हाताची घट्ट पकड... आणि मी लॅपटॉप नीट धरेपर्यंत त्या मागच्या हौद्यात उभ्या होत्या. निखिल खाली दोन्ही हात पसरून, झेल घ्यायच्या तयारीत.

तेवढ्यात डेलनं हसत हसत बिंग फोडलं. आम्ही ऑफिसला गेलो की आई रोज दुपारी येऊन चढ-उतार करतात, आणि त्या बदल्यात त्याला ते तळलेलं कोथिंबिरीचं काहीतरी मिळतं, फार भारी असतं म्हणाला. फ्रीजमधली कोथिंबीर सारखी कुठे संपते हे मला तेव्हा कळलं... आमच्या घरची सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, शेजारी जात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

लॅपटॉपमधून नीमा टाळ्या वाजवत होती. ड्रायव्हरशेजारची सीट खाली असते, तिथे एकच पायरी आहे, तीच मी आईंना देणार होते, असं ती म्हणाली.

"नो, नो. टॉप सीट," आई वरूनच म्हणाल्या. मग निखिलला मराठीत, "इतकी मेहनत काय खाली बसायला केली का रे?"

निखिलनं चष्मा पुसला, माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघून तो नीमाला म्हणाला, तीन जणांचं बुकिंग करा. मला इतका आनंद झाला की मी ड्राइव्हवेवर जवळजवळ उडीच मारली... हातात लॅपटॉप होता म्हणून राहिलं.

गुडघा दुखतो हे आम्ही दोघं कितीदा बोललो होतो. आईंनी वाद घातला नाही, रुसल्या नाहीत, कुणाला सांगितलंही नाही... रोज दुपारी ऊन सोसून फक्त तयारी केली. हे असं एखाद्या गोष्टीच्या मागे लागणं मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं, त्याबद्दल मनापासून थँक यू, आई. आणि डेल, तुलाही.

मग निखिल आईंशेजारी फोटो काढायला म्हणून पिकअपवर चढायला गेला आणि पहिल्याच पायरीवर आमच्या सेफ्टी इंजिनियरचा पाय सटकला.

आईंनी वरून हात दिला. "घाई नको," म्हणाल्या, "आधी पकड धर, मग पाय."