समुद्राचा बांध

बांध कोरण्यात वाळव्याच्या मनुबाईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. भांगलताना खुरप्यानं दरसाल वीतभर शेजारच्या उदयसिंहाचं रान आपल्यात ओढायचं आणि वर त्यालाच चहा पाजायचा. शेवटी त्यानं सरकारी मोजणी आणली. उभ्या उसासकट सगळं परत गेलं.

पुढं लेक वीरधवलनं तिला सिंगापूरला नेलं. विसाव्या मजल्याच्या खिडकीतून दाखवत तो म्हणाला, "ह्या बिल्डिंगा हायत तिथं आदी समुद्र हुता, आई. भर टाकून जमीन केली. आपली बिल्डिंगबी तसलीच."

मनुबाईला सगळा देशच आपल्या भावकीतला वाटला.

"मग समुद्र काय म्हणाला?"

"त्यो काय म्हणणार? गप हाय."

"उदयसिंहबी चा पिऊन गपच जायचा," म्हणत मनुबाईनं नुकतीच सोडलेली कपड्यांची पिशवी पुन्हा भरून दाराशी ठेवली.