छज्ज्यातली सळई वर की खाली?

वर्गातल्या मंडळींनो, हे कार्ड वाचून झालं की आपल्या खोलीच्या दारावर डकवा, म्हणजे सगळ्यांच्या नजरेला पडेल.

मी सुट्टीला शहापुरात घरी आहे. लढाई संपल्यावर आत्ता कुठं सिमेंट मिळालं, म्हणून आज दारावरचा छज्जा ओतला. मी आर्किटेक्चर शिकतोय, तेव्हा चित्र मीच काढलं. त्यात सळया छज्ज्याच्या वरच्या अंगाला दाखवल्या.

आमचे आप्पा विणकर. मागावर बुट्ट्यांची साडी विणताना सुलटी बाजू खाली राहते, डोळ्यांपुढं असते ती उलटी. त्याच सवयीनं त्यांनी चित्र बघितलं आणि गवंड्याला सांगितलं, "वर दावलंय म्हंजे खाली बांधायचं."

गवंडी म्हणाला, "व्हय, तुळईत सळई खालीच असतीय."

मी म्हटलं, "आप्पा, वरच पायजे."

"का रं?"

इथंच माझं घोडं अडलं. तुळईत सळई खाली, हे मीही घोकलंय. मग छज्ज्यात ती वर का, हे मला सांगता येईना. चित्र मीच उलटं काढलं की काय, असंही वाटायला लागलं. शेवटी मी चित्र गुंडाळून ठेवलं. सळया खाली बांधून छज्जा ओतला.

आत्ता आक्का विचारतेय, छज्ज्याखाली लावलेले टेकू कधी काढणार? तिला त्या सावलीत बसून कांड्यांवर सूत भरायचंय.

सळई चुकली असली तर टेकू काढताच छज्जा खाली यायचा, म्हणून तुमचं उत्तर येईपर्यंत मी टेकूंना कुणाला हात लावू देणार नाही. फक्त नुसतं 'वर' असं लिहू नका. तेवढं मलाही येत होतं.