ताईचे उपाशी कावळे

ताई गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही, ती मीच सगळ्यांना दिली. सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो तर ती गेलेली. मग फोन घेऊन ओसरीत बसलो आणि एकेकाला सांगत सुटलो... साखरखेर्ड्याला, शेगावला, पुण्याच्या त्या दिग्दर्शक पोराला. जो तो विचारायचा, "कशी गेली?" मी तेच तेच, त्याच आवाजात सांगत होतो. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, गावांची नावं पुकारली, तसंच हे. शेवटी शेवटी तर समोरच्याचं रडणं ऐकायचाही कंटाळा आला.

चिखलीत तिला सगळे विमलबाई म्हणत. शाळेत शिकवायची, आणि पोरांसाठी तिनं कावळ्यांच्या एका कुटुंबाची चार-पाच छोटी पुस्तकं लिहिली. नदीकाठच्या बाभळीवर राहणारे आई, बाप आणि तीन पिल्लं. माणसांच्या दहाव्याला ठेवलेल्या पिंडावर त्यांचं पोट. पण कावळीचा नियम कडक: खाली जमलेल्यांपैकी एकजण तरी खरं बोलल्याशिवाय पिंडाला शिवायचं नाही. आणि माणसं खोटं बोलायची थांबत नाहीत, त्यामुळे बिचारे कायम उपाशी. कावळा शिवला नाही की भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात ना, तो या पुस्तकांतला 'गवत्या काका', फुकटखाऊ नंबर एक. मोठी माणसं म्हणायची, पोरांच्या हाती हे काय मेल्या माणसांचं देता? पोरं मात्र लोळून लोळून हसायची.

या सगळ्याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. आमचे बाबा गेले तेव्हा मी एवढासा, ताई थोडी मोठी. साखरखेर्ड्याच्या नदीवर दहावा. उन्हाचा कडाका, पोटात काही नाही, आणि कावळा काही खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, "दादा, पोराईले मी शिकवतो." कावळा ढिम्म. "पोरीचं लगन मी करून देतो." तरी ढिम्म. मी ताईला हळूच विचारलं, "काऊन येत नाही वं?" ती खाली मान घालून म्हणाली, "शेगावले गेला असन दर्शनाले. लाइन मोठी असन." मला जे हसू फुटलं ते आवरेना. काकांनी सगळ्यांदेखत मुस्काटात लावली. "बाप मेला अन् हासून काऊन राह्यला बे?" शेवटी दर्भाचा कावळा लावून सगळे घरी आले. पुढं काकांनी ना शिकवलं ना लग्न केलं. ताई स्वतःच शिकली, नोकरीला लागली आणि मला उचलून चिखलीला घेऊन आली. माझी शाळा, माझे कपडे, माझं लग्न, सगळं तिनं पाहिलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. "कावळ्याले तवाच समजलं होतं," एवढंच ती म्हणायची.

या पुस्तकांवर सिनेमा निघाला तो ती रिटायर झाल्यावर. पुण्याहून तो पोरगा आला. कोवळा, दाढीवाला, भलताच हुशार. म्हणाला, सगळ्या कुटुंबानं मिळून पाहावा असा हसता हसता टोचणारा सिनेमा करायचाय. शूटिंग पैनगंगेच्या काठी. सिनेमातले बोलणारे कावळे कॉम्प्युटरवर होणार होते, पण आभाळात उडायला खरे हवेत म्हणून त्यांनी काठावर फरसाण पसरलं. कुत्री आली, साळुंक्या आल्या, शेळ्या आल्या, पण कावळा नाही! ताई छत्रीखाली बसून पदरात हसत होती. "एवढा आवाज करून राह्यलं ते जनरेटर बंद करा ना बाप्पा," मी म्हणालो, पण मला कोण विचारतं.

भांडण झालं ते शेवटावरून. आजी गेलीय, कावळा शिवत नाही, नातू पुढं येऊन काहीतरी बोलतो आणि कावळे झेपावतात, असा शेवट. दिग्दर्शकानं लिहिलं होतं, "आजी, आम्ही तुला कधीच विसरणार नाही." ताई म्हणाली, "हे खोटं हाय. पोरं विसरतात, विसरलंच पाहिजे त्याईनं." मग नातवानं काय म्हणायचं? तर, "आजी, तुही खोली आता मले भेटन." आजीची खोली मिळणार म्हणून नातू खूश, हे ऐकून दिग्दर्शकाचा चेहरा पडला. लोक भडकतील, म्हणाला. पुस्तकं परत मागून घेईन, ताई म्हणाली. सगळं शूटिंग अर्धा दिवस थांबलं. शेवटी ताईचंच वाक्य राहिलं, आणि तेही वऱ्हाडीतच.

चिखलीच्या टॉकीजात आम्ही तिघं तो सिनेमा पाहायला गेलो, ताई, मी आणि माझी बायको सुनंदा. ते वाक्य आलं आणि सगळं थेटर खदखदून हसलं. मागं कोणाची तरी म्हातारी मुसमुसत होती. एक बुवा तणतणत उठूनही गेले. परत येताना ऑटोत ताईनं मला कोपरानं ढोसलं. "माह्या टायमाले तू काय बोलशीन रे?" मी म्हणालो, "मीच पयले जातो, तू काऊन फिकीर करतं?" ती म्हणाली, "पाह्य, आतापासूनच खोटं! खोटं बोलशीन तर शिवणार नाही मी, आताच सांगून ठेवतो."

त्यानंतर वर्षही झालं नसेल, तिची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. त्याआधी रोज सकाळी ती परसातल्या भिंतीवर पोळीचे तुकडे ठेवायची आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीवर चमचा वाजवून कावळ्यांना बोलवायची. आता तोच चमचा, तीच ताटली तिच्या उशाशी. डाव्या हातानं वाजवायची आणि मी जायचो. पाणी, कूस, लुगडं, पुन्हा पाणी... माझे गुडघे आधीच गेलेले, सुनंदाची पाठ गेलेली. टण टण झालं की जेवता जेवता उठायचं. दोन वर्षांत सलग एक जेवण झालं असेल तर शपथ. लोक म्हणायचे, "किती करता हो बहिणीचं!" मी हसायचो. दुसरं काय करणार?

दहाव्याला नदीवर मोठी गर्दी. तिचे विद्यार्थी आपली पोरं घेऊन आलेले. पिंड ठेवला. बाभळीवर कावळा बसलेला, मान वाकडी करून पाहतोय. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, पुढचा सिनेमाही तुमच्याच पुस्तकावर करेन." कावळा हलला नाही. कोणी म्हणालं, शाळेत तिच्या नावानं वाचनालय काढू. कोणी म्हणालं, दरवर्षी बक्षीस देऊ. ऊन चढलं. पोरं एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागली, "खोटं बोलून राह्यले वाटते." शेवटी भटजींनी पिशवीतून दर्भ काढला, तशी एक चिमुरडी ओरडली, "गवत्या काका नको!" सगळे हसले, भटजीसुद्धा. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी पुढं झालो. हात जोडले. म्हणालो, "ताई, मी थकलो होतो वं. तुह्या चमच्याचा आवाज आला का मले राग ये. तुले पोचवून आलो अन् शेजारच्याईनं आणलेली पिठलं-भाकर पोटभर खाल्ली, अन् गाढ झोपलो. मले मोकळं वाटलं, ताई."

कोणी खोकलंसुद्धा नाही. सुनंदानं तोंडाला पदर लावला. आणि कावळा खाली आला. माझ्या बोलण्यानं आला की इतका वेळ चाललेला गलका थांबला म्हणून आला, ते मला माहीत नाही. कावळ्याला काय, शांतता झाली की तो येतोच. पण मी तिथंच वाळूत बसलो आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. बाबांच्या वेळी रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच आलं असेल.

आता घरात वेळच वेळ आहे. जेवण गरम असताना होतं, झोप पुरते, आणि करायला काही नाही. परवा सकाळी सुनंदा मोरीत भांडी घासत होती. तिच्या हातातला चमचा ताटलीवर आपटला, टण टण. मी ताटावरून उठलो, उष्ट्या हातानं ताईच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "आलो वं, आलो."

आत रिकामा पलंग. खिडकीबाहेर परसातल्या भिंतीवर कावळा माझ्या आधीच येऊन बसला होता.