काळजीची खुर्ची

शनिवारी सकाळी वसुधाताईंच्या मुलाचा, निखिलचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच..." गॅस बंद केलाय ना हे मी दोनदा पाहिलं आणि मग मटकन खाली बसले. माझं हे असंच.

बँकेतून निवृत्त झाल्यावर ताई दर शनिवारी आम्हा मैत्रिणींना गंगापूर रोडच्या घरी बोलवायच्या आणि धंद्याच्या कल्पना काढायला बसवायच्या. नुसत्या गप्पा नव्हेत, पद्धत होती. हॉलमध्ये तीन खुर्च्या. पहिलीवर बसून वाटेल ते वेडंविद्रं सुचवायचं, दुसरीवर ते कसं जमेल ते सांगायचं आणि तिसरीवर फक्त काळज्या बोलून दाखवायच्या. पहिलीवरून मी लगेच उठायचे. तिसरीवर मात्र मी सुटायचेच. एकदा विषय निघाला, बाहेरगावची माणसं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन विधींसाठी गोदाघाटावर येतात, त्यांच्यासाठी काय करता येईल? मी सुरू झाले... पायऱ्या निसरड्या, गर्दीत चुकामूक, गोळ्यांची वेळ टळली तर, बाथरूमला कुठं न्यायचं... सगळ्या हसायला लागल्या. ताई हसल्या नाहीत.

"उठू नकोस, अजून सांग," त्या म्हणाल्या. "हे सगळं सांभाळणारं कुणीतरी लोकांना हवंच आहे. तूच सांभाळ की!"

धंदा असा सापडला, विधीला आलेल्या वृद्धांना सोबत करायची. पण सुरू होईना. माझ्या हातून कुणी पडलं तर? शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं, "पहिलं माणूस कधी?" मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. "भीती जायची वाट बघत बसलीस तर कठीण आहे बाई," त्या म्हणाल्या. मला रागच आला होता.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी निखिल म्हणाला, "कळवणहून आजी येतेय. मी विधीत अडकलेला असेन. मावशी, तुझं ते काम... तिच्यासाठी करशील?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले.

घाटावर ताईंच्या आईचा हात धरून एकेक पायरी उतरत होते. प्रत्येक पायरी आधी पायानं दोनदा चाचपून बघत होते. आजी थांबल्या.

"भ्याव वाटतंय का गं तुला?"

"हो, आजी. खूप."

"मंग मी नाय पडायची. चल."

मला तिथंच रडू फुटलं. हात मात्र खाली पोहोचेपर्यंत सोडला नाही.