बोंडअळीच्या पानावर कोण येतंय?

“हे ‘डायरेक्ट’ म्हणजे कोण?” देशमुख सरांनी माझ्या रिपोर्टवर बोट ठेवलं. “बोगस असतील तर ते पान बंद करून टाका.”

सर आमच्या संस्थेचे प्रमुख. यवतमाळातून आम्ही कापसाच्या सल्ल्याची वेबसाइट चालवायचो. तिच्यावर कोण येतं, कुठून येतं, हे पाहणं माझं काम. गुलाबी बोंडअळी कापसाची बोंडं आतून पोखरत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. अळीच्या पानावर अचानक गर्दी झाली होती, आणि जवळजवळ सगळी ‘डायरेक्ट’.

माणूस गूगलवरून आला तर सॉफ्टवेअरला कळतं. कळलं नाही, की ते ‘डायरेक्ट’ लिहून मोकळं होतं. आपल्याला वाटतं, त्यानं पत्ता टाइप केला. पण या पानाचा पत्ता दीड ओळीचा. मीसुद्धा तो कधी टाइप केला नव्हता.

“सर, बोगस असते तर लगेच निघून गेले असते. हे लोक बराच वेळ थांबतात.”

“मग आहेत कोण?”

“शोधतो.”

माझा संशय व्हॉट्सअ‍ॅपवर होता. तिथली लिंक दाबून आलेला माणूस बहुतेकदा ‘डायरेक्ट’मध्येच मोजला जातो. मी पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं शेअर बटण लावलं आणि त्यातून जाणाऱ्या लिंकला एक खूण जोडली. थोड्याच दिवसांत खुणेच्या लिंकवरून माणसं येऊ लागली. रस्ता कळला, पाठवणारा नाही. तेवढं सॉफ्टवेअर सांगत नाही. मग पानाखाली आमचा नंबर देऊन लिहिलं, ‘ही माहिती तुम्हाला कुणी पाठवली? कळवा.’

पहिला फोन मारेगावहून, एका बाईंचा. “मले फुलसावंगीच्या वंदनानं पाठवलं.” नंतर उमरखेडहून. तीच वंदना. मी फुलसावंगीची एसटी धरली.

वंदनाताई घाबरल्याच. “काहून जी भाऊ, पाठवाचं नव्हतं काय?”

“पाठवा हो! फक्त कोणाला पाठवता, ते सांगा.”

“आमी साऱ्या एकाच गावच्या पोरी. लग्न होऊन पांगलो. माहेरचा ग्रुप हाये आमचा. पयले नुसतं गुड मॉर्निंग चाले. मी डोमकळीचा फोटो टाकला, तं साऱ्या आपापल्या वावरात पाहाले गेल्या.”

डोमकळी म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं कापसाचं फूल. या बाया ती तोडून नष्ट करत होत्या, आणि लिंक सासरच्या शेजारणींना पाठवत होत्या.

“पण भाऊ, लिवता लय लांब. मी सासूले वाचून दाखवतो, तं ते अर्ध्यातच झोपते.”

मला हसू आवरेना. लोक पानावर इतका वेळ का थांबतात, तेही कळलं.

अळी त्या हंगामातही पुरती हटली नाही. पण डोमकळ्या वेळेत तोडल्या तिथं बोंडं बरी निघाली, असं ताईंनी आवर्जून फोन करून सांगितलं. पान राहिलं. मजकूर निम्मा केला. पुढच्या रिपोर्टात सरांनीच ‘डायरेक्ट’ खोडून पेननं लिहिलं, ‘वंदनाताई व मंडळी’.

सॉफ्टवेअरला माहीत नाही, एवढाच ‘डायरेक्ट’चा अर्थ. पुढचं विचारायला एसटी पकडावी लागते.