राबाची राख

मीटरवर हायड्रोजनचा आकडा चढत होता आणि आमचे डायरेक्टर सर चक्क टाळ्या वाजवत होते. उरवड्याच्या आमच्या प्लँटमध्ये भाताचा पेंढा आणि पातेरा, म्हणजे वाळका पाला, वाफेत खूप तापवला, की त्यातून गॅस निघतो. मी त्यात भाजलेली चुनखडी घातली होती. ती कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून गॅसमध्ये हायड्रोजनचं प्रमाण वाढतं. सांगायला सोपं, जमवताना आमच्या नाकी नऊ आले होते.

पेंढा जवळच्या रिहे गावच्या हिराबाईंचा. मुळशीत भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर पेंढा-पातेरा पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. धूर नको, तो पेंढा आम्हाला द्या, असं सरांनीच त्यांना पटवलं होतं.

ट्रायल संपली. बघायला आलेल्या हिराबाईंना सर म्हणाले, "मावशी, राख घेऊन जा. तुमचा राब आम्ही इथं भाजला!"

"सर, त्यात चुना आहे. टेस्ट केल्याशिवाय नको."

"अगं, चुना जमिनीला चांगलाच असतो."

"थोडा. एवढा नाही. मावशी, ही वाफ्यावर टाकू नका हं."

हिराबाई हसल्या. "राख ती राख, म्याडम. जल्म राबात गेला माजा."

पोती टेम्पोत चढली. सरांनी फोटो काढून घेतला.

पेरणीनंतर हिराबाईंचा फोन आला. मी गेले. राख टाकलेल्या वाफ्यात इंद्रायणी भाताचं रोप बोटभर वाढून पिवळं पडलं होतं, टोकं करपली होती. मला फार वाईट वाटलं.

"पेंढा तुमी न्हेला, राख बी तुमचीच," हिराबाई म्हणाल्या. "आता लावू काय?"

मी तिथूनच सरांना फोन लावला. "नवीन बी देऊ की," ते म्हणाले. पण बियाचं रोप होईपर्यंत लावणीची वेळ निघून जाते. शेजाऱ्यांच्या उरलेल्या रोपावर अर्धं खाचर लागलं. अर्धं तसंच पडून राहिलं.

प्रयोग यशस्वी झाला, रिपोर्टात तसंच आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा पेंढा मागायला गेले. हिराबाई राब भाजत होत्या. त्यांनी आधी चहा पाजला. मग धुराकडे बोट दाखवलं.

"त्यो बगा, चालला तुमचा ग्यास."

आमच्या धंद्यात पेंढ्याला 'वेस्ट' म्हणतात. रिह्यात तरी मी तो शब्द आता तोंडातून काढत नाही.