सर आणि सोळा आणे भरवसा

आमच्या लॅबमधल्या सरांइतका संशयी माणूस या जंगलपट्ट्यात दुसरा नसेल, आणि भरवशाचा इतका विचार करणाराही. तालुक्याच्या त्या दवाखान्यात मी रुजू झाले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी रक्त तपासायच्या मशीनकडे बोट दाखवलं. "बोला मॅडम, आज हिच्यावर किती आणे भरवसा?" इंग्रजी शाळेतल्या मला आण्यांचा हिशेब कुठला यायला! मी घाबरून "सोळा" म्हणाले. सोळा म्हणजे पूर्ण, हे मला नंतर कळलं. सरांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

मशीन ठीक चालतं की नाही हे बघायला रोज सकाळी एक तयार नमुना लावतात. त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. ते मर्यादेत आलं की सगळीकडे कामाला सुरुवात होते. सरांकडे होत नसे. रात्री लाइट गेली होती का, फ्रिजमधलं रसायन तापलं का, काल आकडा कुठल्या बाजूला झुकत होता, हे सगळं धरून आधी आणे ठरायचे. मग नमुना लावायचा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे आणे वरखाली करायचे. "पास-नापास शाळेत असते जी. इथी भरवसा थोडा थोडा वाढते, थोडा थोडा उतरते." हीच रीत त्यांनी बाजारातल्या वांग्यांना, पावसाच्या अंदाजाला आणि स्वतःच्या जावयालाही लावली होती. जावई लग्नापासून नऊ आण्यांवर अडकून होता.

मग एक दिवस सिरोंचाच्या बसने ती गरोदर मुलगी आली. आठवा महिना, सोबत सासू. तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा चांगला आला. सकाळचा नमुनाही मर्यादेत होता. पण आदल्या रात्री लाइट नव्हती, आणि तिच्या पापण्यांच्या आतली कड, अंगात रक्त कमी असावं तशी, पांढरीफटक होती. सरांचा मशीनवरचा भरवसा चार आण्यांवर आला. त्यांनी रिपोर्ट अडवला आणि नवं रसायन काढलं. तेवढ्यात फाटकासमोर परतीच्या बसने हॉर्न दिला.

"काऊन थांबवून राह्यले जी? बस गेली तं आमी कुठी झोपाव?" सासू म्हणाली.

"रिपोर्ट बाकी आहे, बाई."

"अजी, रक्त बरं आहे का नाई, तेवढं तं सांगा!"

सर मशीनकडे वळले. संशय बारा आणे होता, पण पूर्ण खात्री झाल्याशिवाय पेशंटला काही सांगायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्या दोघी बसमध्ये चढल्या.

नव्या रसायनावर आकडा इतका खाली आला, की तिला त्याच दिवशी भरती करायला हवं होतं. फोन लागला नाही. तिच्या गावात पाठवलेली आशा सेविका दाराचं कुलूप बघून परतली. सून नदीपलीकडे माहेरी गेली म्हणे, पण कुठल्या गावी, ते कोणालाच सांगता येईना.

हल्ली सर सकाळी कोणाला आणे विचारत नाहीत. दुपारी सिरोंचाची बस आली की मात्र चहाचं निमित्त काढून बाहेर जातात. एकदा मी मागोमाग गेले. "सर, इतके दिवस झाले. ती येईल असं अजून वाटतं तुम्हाला?"

"लई कमी, बेटा. रोज कमी होऊन राह्यलं. पण शून्य नाई धरता येत. एकदा शून्य धरलं, का मंग ती समोर येऊन उभी राह्यली तरी माणूस मानत नाई."

बस रिकामी झाली होती. सर दारातून आत वाकून मागच्या सीटपर्यंत बघत होते.